पैठणीच्या जाहिरातीतली वरमाय

महोदय,
लग्नसराई आली की पानोपानी पैठणीच्या जाहिराती. त्यातली वरमायसुद्धा जेमतेम तिशीची. कानाजवळ पांढरी बट रंगवली की झाली सासू! दुकानात मात्र गादीवर बसून पदर उलटा करून वीण तपासणाऱ्या बायका बहुधा पन्नाशी-साठीच्या. पैसेही त्याच मोजतात. अमेरिकेच्या कार्मेन डेल'ओरेफिचे पंधराव्या वर्षी 'व्होग' या फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर आल्या, नव्वदीतही मॉडेलिंग करत होत्या. 'व्होग फिलिपिन्स'ने एप्रिल २०२३ मध्ये १०६ वर्षांच्या गोंदणकार आपो व्हांग-ओद यांना सुरकुत्यांसकट मुखपृष्ठावर आणलं. आपल्या व्यापाऱ्यांनी एवढं धाडस नाही केलं तरी चालेल, पण वरमाईच्या जागी खरी वरमाय उभी करा. आणि कृपया, तिचे केस रंगवू नका.

– एक वाचक, पुणे