महापालिकेची मुदत संपल्यावर प्रशासकाचे अधिकार किती?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

राज्यातील २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि सभागृहांत पुन्हा नगरसेवक आले, याचे समाधान आहे. मात्र महापौर कोणाचा, या चर्चेत एक प्रश्न मागे पडला. मधल्या काळात या शहरांचा कारभार नेमक्या कोणाच्या संमतीने चालला? मुंबई आणि पुण्यात मार्च २०२२पासून राज्य सरकारने नेमलेले प्रशासक होते. नवी मुंबई व छत्रपती संभाजीनगर येथील महापालिकांची मुदत तर २०२०मध्येच संपली होती. म्हणजे तेथे एक अख्खी पंचवार्षिक मुदत एकाही लोकनियुक्त सदस्याविना गेली.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-यू नुसार पालिकेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षे, त्याहून एक दिवसही अधिक नाही, आणि नवी निवडणूक ती संपण्यापूर्वी पूर्ण झाली पाहिजे. पालिका मुदतीआधी विसर्जित झाली, तरी सहा महिन्यांत निवडणूक बंधनकारक आहे. करोनाची साथ ही खरी अडचण होती. ओबीसी आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये सांगितलेली तिहेरी कसोटी (स्वतंत्र आयोगाकडून मागासलेपणाची पाहणी, त्यावरून आरक्षणाचे प्रमाण आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत) पूर्ण करणेही आवश्यकच होते, आणि ते आरक्षण मिळायलाच हवे होते. पण मुंबईतील प्रभाग २२७चे २३६ करायचे, सत्तापालट होताच ते पुन्हा २२७वर आणायचे, याला कोणती अपरिहार्यता म्हणावी? या दिरंगाईत दोन्ही सरकारांचा वाटा आहे. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला, आणि तीही मुदत पुढे वाढवून घेण्यात आली.

एरवी आयुक्त प्रस्ताव मांडतात, स्थायी समिती तो तपासते आणि सर्वसाधारण सभा त्यावर चर्चा करून निर्णय घेते. प्रशासकाच्या राजवटीत या तिन्ही जागी एकच अधिकारी असतो. मुंबईचा २०२५-२६चा ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प प्रशासनानेच मांडला आणि प्रशासनानेच मंजूर केला. अधिकारी कितीही सचोटीचे आणि कार्यक्षम असोत, त्यांना उभे राहून जाब विचारणारे सभागृहच नसेल, तर त्या मंजुरीला मंजुरी का म्हणावे? प्रशासक नेमणाऱ्या राज्य सरकारकडे विधानसभेतील बहुमत आहे, तोच जनादेश, असे काहीजण म्हणतात. मला ते मान्य नाही. आमदार निवडताना मतदाराने आपल्या प्रभागातील पाणी, कचरा आणि रस्त्यांचा अधिकार मंत्रालयाला बहाल केलेला नसतो. त्यासाठीच ७४व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनात्मक स्थान दिले.

म्हणून विधिमंडळाने कायद्यात सुधारणा करून प्रशासकाच्या अधिकारांची मर्यादा स्पष्ट करावी. पाणीपुरवठा, साफसफाई, वेतन, चालू कामांची देयके, साथरोग आणि आपत्तीतील तातडीची कामे त्याने जरूर करावीत. परंतु नवी दीर्घ मुदतीची कंत्राटे, भूखंडांचे वाटप, नवे कर्ज आणि मुदतठेवी मोडणे हे निर्णय निवडून आलेल्या सभागृहासाठीच राखून ठेवावेत. ही सुधारणा होईपर्यंत नव्या नगरसेवकांना एक गोष्ट आजही करता येईल. प्रशासकाच्या काळात झालेल्या अशा सर्व निर्णयांची यादी त्यांनी सर्वसाधारण सभेपुढे मागवावी, तिच्यावर खुली चर्चा घ्यावी आणि ती नागरिकांना पाहायला मिळेल अशी व्यवस्था करावी.

आपला,
एक मतदार, नवी मुंबई