कपाटातलं ड्रेस्डेन

संपादक महोदय, स.न.वि.वि.

वेस्टर्न क्लासिकल म्हटलं की आपल्या पेपरात बाख, मोझार्ट, बेथोव्हेन एवढंच येतं, बाकीचे जणू जन्मालाच आले नाहीत. म्हणून हे पत्र.

जर्मनीत ड्रेस्डेनच्या दरबारी ऑर्केस्ट्राचा प्रमुख व्हायोलिनवादक पिझेंडेल, इटालियन संगीतकार व्हिवाल्डीचा शिष्य, आयुष्यभर नोटेशन जमवत राहिला, कितीतरी तर स्वतः उतरवून काढलं, आणि 1755 मध्ये तो गेल्यावर सगळा गठ्ठा चर्चमधल्या एका कपाटात गेला, कपाटावर नुसतं ‘नंबर 2’, आणि मग शंभरेक वर्षं कोणी फारसं बघितलंच नाही! 1760 च्या प्रशियन तोफमाऱ्यात दरबाराचं बरंच संगीत जळालं पण हे वाचलं, नशीबच म्हणायचं. आता तिथल्या राज्य ग्रंथालयानं ही हस्तलिखितं स्कॅन करून फुकट ऑनलाइन ठेवलीयेत.

पण कागद वाचला म्हणजे संगीत वाचलं असं नाही ना, कोणीतरी ते वाजवायला हवं. याच दरबाराचा संगीतकार हायनिखेन 1729 लाच गेला, आणि त्याचे कॉन्चेर्टो (एक-दोन वाद्यं पुढे आणि बाकी ऑर्केस्ट्रा साथीला, अशा रचना) लोकांपर्यंत खऱ्या अर्थानं पोचले ते व्हायोलिनवादक गोबेल आणि त्याच्या मुझिका आंतिक्वा क्योल्न या ग्रुपनं 1990 च्या दशकात रेकॉर्ड केल्यावर. त्यातले हॉर्न ऐका एकदा, बासरी आणि ओबोच्या (सनईसारखं फुंकायचं वाद्य) मधून असे काही उसळतात की मी चहा गार केला. त्याच दरबारातल्या झेलेंका या संगीतकाराचंही तसंच, 1970 च्या दशकात ओबोवादक होलिगरनं मनावर घेतलं नसतं तर मला तरी हे नाव कळलं नसतं.

पुरवणीत महिन्यातून एकदा अशा एका रेकॉर्डिंगवर चार ओळी छापा की राव.

एक वाचक, पुणे