विधेयक येण्याआधीच ठराव हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नगरपालिकांच्या कायद्यात राज्य सरकारने काही बदल केला की दुसऱ्या दिवशीच्या अंकात महापौर, सभापती, विरोधी पक्षनेते यांच्या प्रतिक्रिया छापून येतात. पक्ष सत्तेत असेल तर स्वागत, नसेल तर निषेध. तोवर विधेयक मंजूर झालेले असते आणि राजपत्राची वाट पाहण्यापलीकडे कुणाच्या हातात काही उरत नाही. मध्य प्रदेशात 413 नगरीय संस्था आहेत. त्यांत 16 नगर निगम (म्हणजे महानगरपालिका), बाकीच्या नगरपालिका आणि त्याहून छोट्या गावांच्या नगर परिषदा. यातल्या निम्म्यांनी जरी एकाच मजकुराचा ठराव विधेयक येण्यापूर्वी भोपाळला पोचवला, तर नगरीय प्रशासन विभागाला त्याची दखल घ्यावीच लागेल. पण प्रत्येक गाव आपापले निवेदन घेऊन एकटे जाते.

एकटे जाण्याची किंमत गेल्या काही वर्षांत स्पष्ट दिसली. 2019 च्या ऑक्टोबरात अध्यादेश निघाला आणि थेट मतदारांनी निवडायचा महापौर पार्षदांनी (नगरसेवकांनी) निवडायचा ठरला. सरकार बदलले, तो निर्णयही फिरला. 2022 च्या निवडणुकीत महापौर थेट मतदारांनी निवडले, मात्र नगरपालिका आणि नगर परिषदांचे अध्यक्ष पार्षदांनी. महाराष्ट्रातही थेट नगराध्यक्ष 2016 ला आला, 2020 ला गेला, 2022 ला परत आला. कुठली पद्धत चांगली यावर आमच्यातच मतभेद आहेत, ते बाजूला ठेवू. ज्या संस्थांचे प्रमुख अशा रीतीने बदलले जात होते, त्यांचे एकत्रित म्हणणे मात्र कुठल्याच वेळी कागदावर नव्हते.

याहून महत्त्वाचा काळ 2020 ते 2022 चा. इंदूर निगमाच्या परिषदेची (निवडून आलेल्या सभागृहाची) मुदत 2020 च्या सुरुवातीला संपली आणि पुढची निवडणूक, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, जुलै 2022 मध्ये झाली. मध्ये प्रशासक. नेमक्या याच काळात दोन मोठे बदल झाले. केंद्राने राज्यांना जादा कर्ज उचलण्याची मुभा देताना अट घातली होती की संपत्तिकराचे किमान दर जमिनीच्या सरकारी दरांशी जोडावेत आणि पाणी व मलनिस्सारणाच्या शुल्काचेही किमान दर जाहीर करावेत. ती पूर्ण करणाऱ्या पहिल्या दोन राज्यांत मध्य प्रदेश होता. जानेवारी 2021 मध्ये राज्याला 2,373 कोटींचे जादा कर्ज उचलता आले. कर्ज राज्याचे, वाढीव कराचे बिल मात्र सुदामानगर नि लोकमान्यनगरातल्या घरमालकाच्या दारी. पुढे 2021 च्याच दुरुस्तीने परवानगीपेक्षा जास्त झालेले बांधकाम शुल्क भरून नियमित करून घेण्याची मर्यादा 10 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर गेली. पार्किंगवर, गटारांवर, आगीच्या बंबाला लागणाऱ्या रस्त्यावर याचा भार किती येईल हे निगमाइतके कुणाला ठाऊक असणार? पण बोलायला निवडून आलेली परिषदच नव्हती.

सध्याच्या परिषदेची मुदत 2027 च्या मध्यावर संपेल. पुन्हा प्रशासक येईल की नाही सांगता येत नाही, पण परिषदेने मुदतीत केलेला ठराव प्रशासकाच्या काळातही दप्तरात राहतो आणि त्याचा आधार घेता येतो. म्हणून काही कायमच्या भूमिका आताच संमत करून ठेवायला हव्यात.

विषय थोडे निवडावेत. वर्षाला तीन, फार तर पाच. तीस मागण्यांची यादी दिली की विभाग त्यातल्या बिनखर्चाच्या दोन मान्य करतो आणि फाइल बंद होते. निकष एकच: प्रश्न निगम, नगरपालिका आणि नगर परिषद या तिन्ही पातळ्यांवर बोचत असला पाहिजे. चुंगी क्षतिपूर्तीचे उदाहरण घ्या. 1976 मध्ये चुंगी म्हणजे जकात उठली, तिच्या बदल्यात राज्य संस्थांना दर महिन्याला रक्कम देते. पथदिवे आणि पाणीपंपांचे थकलेले वीजबिल वरच्या वर याच रकमेतून कापले जाते. समजा, एखाद्या नगर परिषदेला महिन्याला 20 लाख येतात आणि पगार 18 लाखांचा आहे. विजेचे 6 लाख परस्पर कापले की हातात 14 लाख उरतात आणि सफाई कामगारांचा पगार 4 लाखांनी तुटतो. इंदूरसारख्या निगमाकडे संपत्तिकराचा आधार असल्याने झटका सोसतो, छोट्या गावात घंटागाडी उभी राहते. इथे भूमिका अशी असू शकते: दोन्ही बाजूंनी मीटर तपासल्याशिवाय कपात नाही आणि कोणत्याही महिन्यात मासिक रकमेच्या ठरावीक टक्क्यांहून जास्त कपात नाही. ‘कपात बंद करा’ ही मागणी टिकणार नाही, कारण वीज वापरली आहे.

दुसरा विषय महानगर क्षेत्राचा. 2025 मध्ये विधानसभेने महानगर क्षेत्र नियोजन आणि विकासाचा कायदा मंजूर केला. इंदूर, उज्जैन, देवास, धार हा पट्टा त्याखाली आणायचा बेत आहे. राज्यघटनेचे कलम 243 यङ (इंग्रजी क्रमाने 243 झेडई) सांगते की महानगर नियोजन समितीतले किमान दोन-तृतीयांश सदस्य त्या क्षेत्रातल्या नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडायचे, तेही नागरी आणि ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणात. ही तरतूद 1 जून 1993 पासून लागू आहे. नव्या कायद्यातले महानगर विकास प्राधिकरण म्हणजे अधिकारी आणि मंत्र्यांचे मंडळ, समिती म्हणजे निवडून आलेल्यांची. आराखडा कोण बनवणार आणि मंजुरी कुणाची, यात दोघांची सीमा नियमांत नीट आखली नाही, तर समिती कागदावर राहील. एकत्र भूमिका घ्यायला यापेक्षा योग्य विषय नाही.

पण इथेच गाडी अडते. 2011 च्या जनगणनेत इंदूर शहर जवळपास 20 लाखांचे, उज्जैन पाच लाखांहून थोडे जास्त, देवास तीन लाखांच्या आतले. शहरी जागा नुसत्या लोकसंख्येने वाटल्या तर बहुतेक इंदूरकडे जातील. बेटमा, देपालपूर, सांवेर, गौतमपुरा इथल्या नगर परिषदांनी इंदूरच्या मसुद्यावर सही का करावी? आमचे मत स्पष्ट आहे: इंदूरने काहीतरी सोडले पाहिजे. नागरी जागांपैकी काही जागा छोट्या संस्थांच्या स्वतंत्र मतदारगटासाठी राखून ठेवाव्यात, अशी शिफारस इंदूरनेच आपल्या ठरावात लिहावी. मोठ्या गावाने हे लिहिले तर बाकीचे येतील, नाहीतर शेजारीच इंदूरविरुद्ध निवेदन देतील आणि भोपाळला तेच हवे असते.

एकत्र भूमिका ठरवताना संस्थांच्या आपसात होणाऱ्या मतदानालाही हीच दृष्टी ठेवावी. एक संस्था एक मत ठेवले तर नगर परिषदा निगमांना हरवतात, लोकसंख्येवर ठेवले तर चार मोठी शहरे सगळे ठरवतात. निगम, नगरपालिका आणि नगर परिषद या तिन्ही गटांत वेगवेगळे बहुमत लागेल असे ठरवले की दोन्ही भीती जातात. एखाद्या विषयावर न पटणाऱ्या संस्थेला तेवढ्यापुरते बाहेर राहू द्यावे, पूर्ण आघाडी सोडायला लावू नये. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात 1898 पासून शहरांचा संघ आहे. तिथे एका शहराने ठराव सुचवला तरी आणखी पाच शहरांचा पाठिंबा असल्याशिवाय तो सर्वसाधारण सभेत येत नाही. आपल्याकडे ही गाळणी पहिल्या दिवसापासून लावावी, एकाच पार्षदाच्या वॉर्डातली कटकट राज्यव्यापी भूमिका होऊ नये.

आता मसुदा. प्रत्येक विषयाला एकच पान. त्यावर अधिनियमाचे नाव आणि वर्ष (निगमांसाठी 1956 चा, नगरपालिका आणि परिषदांसाठी 1961 चा, हे दोन वेगळे कायदे आहेत आणि एकातली दुरुस्ती दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही, हे कित्येक ठरावांत विसरले जाते), कलम, आजचे शब्द, सुचवलेले शब्द, एका निगमावर, एका नगरपालिकेवर आणि एका नगर परिषदेवर वर्षाला होणारा रुपयांतला परिणाम, आणि शेवटी आपल्याला चालेल अशी किमान तडजोड. ही शेवटची ओळ ठरावात लिहायची नाही. ती अध्यक्ष आणि महापौरांच्या हातच्या कागदावर राहू द्यावी.

ठरावाची भाषा शिफारशीची असावी. ‘ही परिषद तीव्र निषेध करते’ असे लिहिले की सभागृह पक्षावर फाटते, अर्धे पार्षद उठून जातात आणि ठराव बहुमताने, म्हणजे फुटलेला, मंजूर होतो. शिवाय संस्थांचे ठराव स्थगित करण्याचे अधिकार राज्य सरकारला आहेत. शासनाकडे शिफारस करणारा, कलमवार मजकूर असलेला ठराव स्थगित करायला कारण सापडत नाही.

सगळ्यात जास्त घोळ उपसूचनांनी होतो. मूळ मसुदा दहा गावी जातो, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी एक वाक्य जोडतो, कुणी ‘सरसकट’ शब्द घालतो, आणि भोपाळला दहा वेगवेगळे ठराव पोचतात. विभागातला कारकून ते एका तक्त्यात मांडतो, ‘संस्थांमध्ये एकवाक्यता नाही’ असा शेरा मारतो, आणि त्याचे चूक नसते. उपाय सोपा आहे. ठरावाला दोन परिशिष्टे जोडावीत. परिशिष्ट ‘अ’ म्हणजे सामाईक मजकूर, तो स्वल्पविरामासकट जसाच्या तसा. त्यावर फक्त हो किंवा नाही. परिशिष्ट ‘ब’ मध्ये त्या गावाने आपले हवे ते लिहावे. ‘अ’ परिशिष्टाच्या आशयाला धक्का न लावता शब्दांतले बदल मान्य करण्याचा अधिकार महापौर किंवा अध्यक्षांना देणारी एक ओळ ठरावातच असावी. विधेयक सभागृहात एका दुपारी बदलते, परिषद पुन्हा बोलवायला पंधरा दिवस लागतात.

आकडे कुठून आणायचे? आयुक्त आणि मुख्य नगरपालिका अधिकारी राज्य शासनाने नेमलेले असतात. त्यांच्याकडून आपल्याच विभागाविरुद्ध मत मागणे हा त्यांच्यावर अन्याय आहे आणि ते मिळतही नाही. त्यांच्याकडे फक्त तक्ते मागावेत: तीन वर्षांची मागणी, वसुली, कपात, थकबाकी. मत परिषदेने बनवावे आणि मसुदा सचिव शाखेने बाहेरच्या वकिलाकडून तपासून घ्यावा. त्यासाठीचा आणि संयुक्त बैठकांचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली आधीच दाखवावा. नाहीतर स्थानिक निधी संपरीक्षेचा (लेखापरीक्षणाचा) आक्षेप ठरलेला, आणि दोन वर्षांनी वसुलीची नोटीस ज्याने चहाच्या बिलावर सही केली त्याच्या नावाने निघते.

वेळेचे गणित उलटे मांडावे लागते. अर्थसंकल्पी अधिवेशन साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्याच दिवसांत निगमाचे स्वतःचे अंदाजपत्रक 31 मार्चच्या आत मंजूर व्हायचे असते आणि मध्ये रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक. त्या महिन्यात ठराव घेणे अशक्यच समजा. म्हणून अनंत चतुर्दशीच्या झांक्या आटोपल्या की विषय ठरवावेत, ऑक्टोबरात आकडे, नोव्हेंबर अखेर मजकुराला कुलूप, डिसेंबर-जानेवारीत परिषदांमध्ये ठराव. परिषदेची बैठक दोन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी असते, प्रत्यक्षात पुढे ढकलली जाते, त्यामुळे एक बैठक वाया जाईल असे धरूनच चालावे. आणखी एक अडचण कार्यवृत्ताची. त्याची पुष्टी पुढच्या बैठकीत होते, तोवर प्रमाणित प्रत देत नाहीत. या विषयापुरते कार्यवृत्त त्याच बैठकीत वाचून कायम करून घ्यावे.

आमदार परिषदेचे पदसिद्ध सदस्य असतात. इंदूर-1 ते 5 आणि राऊ या सहा मतदारसंघांच्या आमदारांना ही पाने एजेंड्याबरोबरच द्यावीत आणि त्या बैठकीला आवर्जून बोलवावे. विधानसभेत दुरुस्ती सुचवणारा आमदार एक असला तरी चालतो, पण त्याच्या हातात कलमाचे तयार शब्द हवेत, भाषणाचे मुद्दे नव्हेत. विधेयक प्रवर समितीकडे पाठवण्याची मागणीही त्यानेच करायची. अध्यादेश निघाला तर घाई वेगळी: सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचे विधेयक मंजूर व्हावे लागते, म्हणजे आपल्यालाही तेवढीच मुदत.

स्वच्छ सर्वेक्षणात सात वेळा पहिले आलेले इंदूर बघायला देशभरातून महापौर आणि आयुक्त येतात, तेव्हा शेजारच्या गावांना बोलावणे इंदूरला जड नाही. परिषदेच्या येत्या बैठकीत महानगर समितीतल्या दोन-तृतीयांश जागांचा विषय घ्यावा आणि परिशिष्ट ‘अ’ चा कच्चा मसुदा देवास, उज्जैन, पीथमपूर आणि जिल्ह्यातल्या सर्व नगर परिषदांना हिंदीत पाठवावा, अशी विनंती महापौर आणि सभापतींना या पत्राद्वारे करत आहोत.

आपले,
नगरपालिकांच्या हिशेब, महसूल आणि विधी शाखांत काम केलेले काही नागरिक, इंदूर