आजीची ट्रंक बोहारणीला देऊ नकोस

एडिंबरा,
16 नोव्हेंबर

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बोहारणीला परत पाठव असा मेसेज करून तुला थांबवलं खरं, पण का ते सांगायला पत्रच हवं. नाहीतर तू म्हणशील, पोरगी तिकडे जाऊन चिंध्या गोळा करायला लागली.

गोळा करतेच आहे म्हणा. इथे किल्ल्याच्या पायथ्याशी ग्रासमार्केट म्हणून भाग आहे, तिथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून मी हॅरिस ट्वीडचं, म्हणजे इथल्या जाड लोकरी कापडाचं, पुरुषी जाकीट घेतलं. आतल्या लेबलवर गोल आणि त्यावर क्रूस असा छाप आहे. हा छाप असा-तसा मिळत नाही. लोकर स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली, आणि कापड तिथल्या विणकरानं स्वतःच्या घरी विणलेलं हवं. 1993 साली त्यासाठी खास कायदाच झालाय. माग सायकलसारखा पायांनी चालवतात. वाचताना मला आपल्या सोलापूरचा पूर्व भाग आठवला, घराघरातून येणारा तो खटखट आवाज.

पहिल्या दिवशी मात्र फजिती झाली. जाकीट जुनं, म्हणून त्याखाली लोकरीचा जुना घोळदार स्कर्ट घातला, वर ब्रूचही लावला. ऑफिसात एकीनं विचारलं, आज शूटिंग आहे का? डोक्यापासून पायापर्यंत सगळं जुनं घातलं की माणूस नाटकातलं पात्र दिसतो. आता अंगावर एकच जुनी वस्तू, बाकी सगळं आजचं. जाकीट ढगळ आहे, तर आत अंगाबरोबर बसणारा काळा पोलोनेक (उंच गळ्याचा स्वेटर गं), सरळ जीन्स आणि बूट. दुकानात मी आधी खांदे बघते. बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते, पण खांदा उतरला तर शिंप्याचे पैसे जाकिटापेक्षा जास्त होतात. तूच ना मला शिकवलंस, मशीनवर बसून?

कसरीची भीती असते, म्हणून घरी आणल्यावर जाकीट पिशवीत बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवलं, मटारांच्या शेजारी. घरातली दुसरी मुलगी जेवण शोधताना दचकली. तू वेखंड ठेवलं असतंस, माहीत आहे.

आता ट्रंकेचं. खणाच्या चोळ्या मला हव्यात. गाठीच्या असतील तर फारच छान, पांढऱ्या लांब बाह्यांच्या शर्टावरून बांधीन, काळ्या पँटवर. मापाची काळजी नको, पुढे गाठच तर मारायची. धुऊ मात्र नकोस, रंग जाईल. नुसत्या सावलीत वाऱ्यावर टाक.

आणि ती हिरवी इरकल. लाल पदराची, आजी एकादशीला नेसायची ती. पदर जिथे साडीच्या अंगाला जोडलाय तिथे विरलीय का बघ, आधी तिथेच जाते. विरली असली तरी कापू नकोस. उशांचे अभ्रे तर अजिबात नकोत, मावशीनं एक पैठणी तशीच घालवली, अजून माझ्या डोळ्यांपुढे येते. मी ब्लाउजच्या जागी पोलोनेक घालून ती नेसणार आहे, वर ट्वीडचं जाकीट. तू हसशील, पण इथल्या चढउतारांच्या ओल्या दगडी रस्त्यांवर सहावारीच्या निऱ्या चिखलात लोळतात. काष्टा घोट्याच्या वर राहतो, खाली बूट आरामात दिसतात. आजी पंढरपूरला चालत जायची ती काय उगाच नऊवारीत?

फक्त मला नेसता येत नाही. रविवारी तुझ्या दुपारी, माझ्या सकाळी व्हिडिओ कॉल कर. तोवर मी पडद्याच्या कापडावर सराव करते. बाबांना साष्टांग नमस्कार, आणि त्यांचा तो सफारी सूटही टाकू नका. पँट नको, वरचा भाग चालेल.

तुझी,
चिमी