कोल्पोस्कोपीच्या खोलीतल्या सिस्टरना

सिस्टर, नमस्कार.

गर्भाशयाचं तोंड भिंगातून तपासून घ्यायला रोज इतक्या बायका तुमच्या खोलीतून जातात, मी आठवणं कठीण. हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडून तुम्ही जिला गर्भाशयाचं तोंड काढून दाखवलंत, ती मी. तो पुठ्ठा माझ्या फायलीत सगळ्या रिपोर्टांच्या वर लावलेला आहे.

त्या दिवशी रिपोर्टातलं मला दोनच ठिकाणी काही वाचता आलं होतं: 'सीआयएन २' आणि 'एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह'. पहिल्याचा अर्थ मी कॅन्सर असा लावला. दुसऱ्याचा अर्थ नवऱ्याने लावला. आम्ही बाहेरच्या बाकावर एकमेकांकडे न बघता बसलो होतो. त्यात मी फोनवर वाचून ठेवलं होतं की एचपीव्ही या विषाणूचे १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरांना कारणीभूत असतात. अर्धवट वाचण्यासारखं दुसरं वाईट नाही.

डॉक्टरांनी सांगायचं ते नीट सांगितलं होतं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण डोकं सुन्न असताना कानावर पडलेलं आत जात नाही. तुम्ही आम्हा दोघांना आत बोलावलंत आणि मी तोंड उघडायच्या आधीच म्हणालात, "कुणाकडून आला, कधी आला, हे कुठलीच तपासणी सांगत नाही." संबंध आलेल्या बहुतेक माणसांना हा विषाणू कधी ना कधी गाठतो, बहुतेकांच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत आपला आपण जातो, काहींच्या अंगात मात्र वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो. "तेव्हा घरी जाऊन जुने हिशेब उकरायचे नाहीत." हे शेवटचं वाक्य तुम्ही त्यांच्याकडे बघून म्हणालात. आमचा संसार वाचला वगैरे मी म्हणणार नाही, पण त्या रात्री आम्ही दोघं एकत्र जेवलो.

मग पुठ्ठा. तुम्ही आवरणाच्या पेशींचे थर काढलेत, त्यांचे तीन भाग केलेत आणि खाली एक ठसठशीत रेघ मारलीत. सीआयएन म्हणजे या पेशींतला कॅन्सरच्या आधीचा बिघाड. तो खालच्या एक तृतीयांशात असेल तर १, दोन तृतीयांशापर्यंत चढला तर २, त्याहून वर गेला तर ३. "ही खालची रेघ ओलांडून पेशी आत घुसल्या तर कॅन्सर. तुमच्या रेघेच्या वरच आहेत." पेनाने ती रेघ तुम्ही दोन-तीनदा गिरवलीत, इतकी की पुठ्ठा तिथे फाटलाय.

लूपने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या तारेच्या कडीने, तो भाग कापून काढणं हा रुळलेला उपाय, हे तुम्ही आधी सांगितलंत. पण आम्हाला मूल हवं होतं, आणि मोठा तुकडा काढावा लागला तर पुढे दिवस भरायच्या आत प्रसूती होण्याचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टरांनी प्रकाशाच्या उपचाराचं, फोटोडायनॅमिक थेरपीचं, सुचवलं होतं. बिघाडाची कड पूर्ण दिसत होती आणि कॅन्सरची शंका नव्हती, म्हणूनच. मी विचारलं, "म्हणजे प्रयोगच ना आमच्यावर?" तुम्ही रागावला नाहीत.

(नंतर वाचलं तर कल्पना चांगलीच जुनी निघाली. १९०० साली म्युनिकमधल्या ऑस्कर राब या विद्यार्थ्याने लिहून ठेवलंय की ॲक्रिडीन रंगात ठेवलेले एकपेशीय जीव उजेडात मरतात, अंधारात तगतात.)

तुमचं उत्तर मला तोंडपाठ आहे. "औषध एकटं काही करत नाही, दिवा एकटा काही करत नाही. दोघांची गाठ पडली की त्या पेशीचं काही खरं नाही." अमिनोलेव्हुलिनिक ॲसिडचं जेल लावायचं. रक्तातला हीम बनवायची जी वाट प्रत्येक पेशीत असते, त्याच वाटेवर त्याचं प्रोटोपॉर्फिरिन होतं, आणि बिघडलेल्या पेशींत ते जास्त साचतं. वर ६३५ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश पडला की ते पेशीतल्याच ऑक्सिजनला असं चेतवतं की पेशी आतून मरते. तो चेतलेला ऑक्सिजन क्षणभरही टिकत नाही, त्यामुळे फार लांब पोचत नाही.

जेल लावून तीन-चार तास थांबणं कंटाळवाणं होतं, एवढंच. दिवा मात्र सोपा नव्हता. एक बारीक कांडी आतल्या नळीत, एक दिवा गर्भाशयाच्या तोंडावर, आणि वर छतावर लालसर डाग. चटका आणि ओटीपोटात मुरडा येईल हे तुम्ही आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही. वीस मिनिटांत तुम्ही दोनदा "पाचच राहिली" म्हणालात, सिस्टर. मी मोजत होते. तरीही दोन्ही वेळा बरं वाटलं.

असं तीनदा झालं, दोन-दोन आठवड्यांनी. नंतर थोडे दिवस पाण्यासारखा स्राव, बाकी काही नाही.

सहा महिन्यांनी बायोप्सी स्वच्छ आली आणि १६ नंबर सापडला नाही. मी तुम्हाला मिठी मारायला निघाले तर तुम्ही आधी खुर्चीवर बसवलंत. सीआयएन २ काहींचं उपचाराशिवायही मागे जातं, लूपइतका लांबचा अनुभव या पद्धतीचा अजून नाही, म्हणून वर्षाची तपासणी चुकवायची नाही आणि पुन्हा काही दिसलं तर लूप आहेच. एवढं सगळं बोललात आणि मग मिठी मारू दिलीत. त्या क्षणी मला तुमचा थोडा राग आला होता. आज आभार मानतेय ते मुख्यतः त्याचेच.

वर्षाच्या तपासणीला पुढच्या महिन्यात येतेय. सोबत नणंद आहे. पस्तिशी उलटली तरी तिने एकदाही तपासून घेतलेलं नाही आणि ती माझ्याहून घाबरट आहे. तुमचा पुठ्ठा तिला दाखवला, पण मला तुमच्यासारखं समजावता आलं नाही. एखादं रिकामं खोकं बाजूला काढून ठेवा.