अर्धा नकाशा सोडून परतायला शिकवणाऱ्या बाह यांस

आदरणीय बाह,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपले नाव या पत्रात येऊ नये, अशी आपली इच्छा आहे. म्हणून शिलाँगमधील धाकटी मंडळी आपल्याला ज्या आदरार्थी शब्दाने हाक मारतात, त्याच शब्दाने मीही सुरुवात केली आहे. पत्र मात्र उघडे लिहिते आहे, कारण ज्या गोष्टीसाठी आपले आभार मानायचे आहेत ती, म्हणजे मेघालयातल्या गुहा मोजण्याची आपली शिस्त, माझ्या एकटीच्या पदरात पडलेली नाही. पुणे, सातारा आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतल्या चार गिर्यारोहण मंडळांची काम करण्याची रीत तिने बदलली आहे. या मंडळांतल्या ज्या मुलामुलींनी आपल्याला कधी पाहिलेले नाही, त्यांना ही रीत कुठून आली हे कळायला हवे.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला गुहा म्हटले की लेणे आठवते: छिन्नीने कोरलेले, चौकोनी दाराचे, आतला शेवट बाहेरूनच दिसणारे. आमचा बेसॉल्ट पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे लाव्हारसाच्या दोन थरांमधला मऊ तांबडा थर झिजून तयार झालेल्या कपारी आणि एखाद्या गडावरचे नेढे, म्हणजे कातळाला आरपार पडलेले भोक, सोडले, तर निसर्गाने घडवलेल्या लांबलचक गुहा आमच्याकडे जवळजवळ नाहीतच. आपल्याकडचा चुनखडीचा दगड आमच्या कातळापेक्षा कोटभर वर्षांहून अधिक धाकटा आहे, पण मातीतला कार्बन डायॉक्साइड घेऊन किंचित आम्ल झालेले पावसाचे पाणी त्यात मुरते आणि त्याला आतून पोखरत जाते. जगातला सर्वाधिक पाऊस सोहरा (म्हणजे चेरापुंजी) आणि मॉसिनराम याच डोंगररांगांत पडत असल्यावर तो दगड किती पोखरला गेला असेल, याची कल्पना मला तिथे येईपर्यंत नव्हती. फेब्रुवारीत मी आपल्या मोहिमेसाठी जैंतिया टेकड्यांत पोहोचले तेव्हा मला दोर येत होता. काळोख येत नव्हता.

आमच्या मंडळांतल्या वाचकांसाठी थोडा इतिहास सांगते, कारण आपण तो स्वतः कधीच सांगत नाही. गारो टेकड्यांतल्या सिजू गुहेचा अभ्यास भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या केंप आणि चोप्रा यांनी १९२२ मध्ये केला होता, पण त्यानंतर अनेक दशके मेघालयातल्या गुहांची पद्धतशीर नोंद झाली नाही. १९९० मध्ये ब्रायन खारप्रान डेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिलाँगमध्ये मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशन स्थापन केली. १९९२ मध्ये सायमन ब्रुक्स यांच्यासह काही ब्रिटिश गुहाशोधक तिथे आले आणि तेव्हापासून दर कोरड्या हंगामात एकत्र मोहीम निघण्याचा पायंडा पडला. पुढे स्कॉटलंडच्या ग्रॅम्पियन स्पिलिऑलॉजिकल ग्रुपसारखे क्लब आले. आयर्लंड, स्वित्झर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रिया अशा देशांतले गुहाशोधक आले. या सर्वांनी मिळून आजवर एक हजाराहून अधिक गुहांची नोंद केली आहे आणि चारशे किलोमीटरहून अधिक लांबीचे भुयारी मार्ग मोजले आहेत. ३० किलोमीटरहून लांब असलेली क्रेम लियात प्राह (क्रेम म्हणजे गुहा) आणि २०१८ मध्ये साडेचोवीस किलोमीटर मोजली जाऊन वालुकाश्मातली जगातली सर्वांत लांब गुहा ठरलेली क्रेम पुरी ही या कामाची ठळक उदाहरणे आहेत. यांपैकी कोणत्याही आकड्यावर कोणा एका क्लबला आपली पाटी लावता येणार नाही, हे मला तिथे सगळ्यांत आधी जाणवले आणि, प्रामाणिकपणे सांगायचे तर, सगळ्यांत उशिरा पचले.

आपल्या मोहिमेचा नियम असा की मोजल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचे नाही. लेझर यंत्राने अंतर, दिशा आणि चढ-उतार घ्यायचे, वहीत भिंतींची आकृती काढायची, कातळावर नखाएवढी खूण करायची आणि मगच पुढच्या खुणेकडे सरकायचे. चौथ्या दिवशी आपण, स्कॉटलंडहून आलेल्या एक बाई आणि मी अशी तिघांची तुकडी एका सखल, ओल्या मार्गातून सरपटत चालली होती. शेवटच्या वळणापाशी तोंडावर गार वारा आला. वारा येतो म्हणजे पुढे मोठी पोकळी आहे, एवढे तोवर मलाही कळू लागले होते. घड्याळात चार वाजले होते आणि आपण वही मिटायला सांगितली. मी हट्ट केला, दहा मिनिटे मागितली. आपण नकाशावर त्या जागी एक प्रश्नचिन्ह काढले आणि वळलात.

दुसऱ्या दिवशी आपल्याला दुसऱ्या गुहेत जायचे होते, म्हणून ते प्रश्नचिन्ह वेगळ्याच तुकडीकडे गेले, आणि रात्री तंबूत परतलेल्या त्या तिघांनी सांगितले की वळणापलीकडे साठ पावलांवर छत नजरेबाहेर जाईल एवढे दालन आहे. मी जेवणावर राग काढला. सह्याद्रीत आमच्याकडे एखादी विसरलेली वाट सापडली की ती कोणी आधी चढली यावरून वर्षानुवर्षे अबोला धरणारी मंडळे आहेत, आणि त्या रात्री मी तशाच मंडळाची पाईक होते. आपण समजूत काढायच्या भानगडीत पडला नाहीत. ताटावरून उठताना इतकेच म्हणालात, की त्या तिघांनी काल आपण सोडलेल्या शेवटच्या खुणेपासून मोजायला सुरुवात केली आणि ती खूण बरोबर निघाली. तो खरे तर माझ्या कामाचा दाखला होता, हे मला दोन दिवसांनी उमगले.

उमगण्याला कारण माझीच एक चूक घडली. बांबूच्या छपराखाली संध्याकाळी सगळ्या तुकड्यांची मोजमापे संगणकात भरली जात, आणि जेव्हा दोन तुकड्या वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकाच जागी भेटत, तेव्हा ते वेटोळे किती अचूक जुळते हे पडद्यावर दिसे. एका संध्याकाळी वेटोळे जुळेना. तीस मीटरची फट होती. जर्मनीहून आलेले एक गृहस्थ आणि आपण, दोघे मिळून एकेक ओळ मागे जात राहिलात आणि माझ्या पानावर थांबलात: एका ठिकाणी मी दिशा उलट टोकाकडून वाचली होती. कोणी आवाज चढवला नाही, कोणाच्या क्लबचा उल्लेख निघाला नाही. आकडा सुधारला आणि फट मिटली. दुसऱ्याची मोजणी आपल्या मोजणीशी जोडली जाणार आहे हे ठाऊक असले की माणूस आपली वही किती जपून लिहू लागतो, याची तालीम मला त्या एका संध्याकाळी मिळाली.

त्याच आठवड्यात माझा चिखलाचा बूट पांढऱ्या कॅल्साइटच्या एका उथळ कुंडात पडला. हजारो वर्षे थेंबाथेंबाने जमलेल्या त्या पृष्ठभागावर माझ्या तळव्याची नक्षी उमटली होती. आपण पाठीवरच्या पिशवीतून स्पंज आणि पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिलीत आणि मी तासभर गुडघ्यांवर बसून तो डाग पुसला. पूर्ण गेला नाही.

कुठल्याही गुहेत शिरण्यापूर्वी गावच्या वाहेह श्नोंगकडे, म्हणजे गावप्रमुखाकडे, जाऊन क्वाय, म्हणजे सुपारी-पान, खात बसणे हा कामाचाच भाग आहे, हेही मला आपल्यामुळे कळले. जमीन गावाची किंवा कुळाची, आणि तिच्याखालची गुहाही त्यांचीच. परवानगी म्हणजे शिक्का मारलेला कागद नसून एक ओळख आहे. आमच्या देवरायांचे नियम आठवून मला ते परके वाटले नाही. क्रेम लाबित हे नाव एकाहून अधिक गुहांना असल्याचे आपण हसत सांगितलेत तेव्हा लाबित म्हणजे वटवाघूळ हेही कळले. जिथे वटवाघळे आहेत तिथून कधी मागे फिरायचे, हे गावकऱ्यांना आपल्याहून आधी ठाऊक असते.

नकाशा काढणे आणि गुहा वाचवणे ही दोन कामे आहेत असे मी समजत होते. चुनखडी आणि कोळसा या दोन्हींसाठी आपल्या टेकड्या पोखरल्या जातात; असोसिएशनने त्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावले, आणि कोळशाच्या उंदीरबिळी खाणींवर, म्हणजे सरपटत शिरावे लागेल अशा अरुंद बोगद्यांवर, राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये दुसऱ्यांच्या अर्जावरून बंदी घातली. या भांडणात नकाशाचा उपयोग काय, हे आपण मला एका वाक्यात दाखवून दिलेत: डोंगर पोकळ आहे हे कागदावर असेल तर तो रिकामा आहे असे कोणी म्हणू शकत नाही. मॉम्लूहच्या गुहेतल्या एका ऊर्ध्वमुखी लवणस्तंभात साठलेल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून मोसमी पाऊस कोलमडल्याची खूण मिळाली आणि २०१८ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या शेवटच्या ४,२०० वर्षांना ‘मेघालयन’ हे नाव मिळाले. २०२२ मध्ये तीच गुहा जगातल्या पहिल्या शंभर भूवारसा स्थळांच्या यादीत आली. तो स्तंभ कोणी दिवाणखान्यात ठेवायला तोडून नेला असता तर हे काहीच कळले नसते.

क्रेम उम लाडॉ या गुहेतल्या माशाची गोष्ट आमच्या मंडळांत मी वारंवार सांगते, कारण तिच्यात आमचाही एक धागा आहे. २०१९ च्या मोहिमेत गुहाशोधकांना तिथे चाळीस सेंटिमीटरपर्यंत वाढलेले, रंग आणि दृष्टी हरपत चाललेले मासे दिसले. महसीरच्या गोतातला हा जगातला सर्वांत मोठा गुहावासी मासा. २०२३ मध्ये पनार लोकांच्या नावावरून त्याचे निओलिसोकायलस पनार असे नामकरण झाले आणि त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक आमचे नीलेश डहाणूकर आहेत, ज्यांनी पुण्यात अनेक वर्षे संशोधन केले. ब्रिटिश गुहाशोधक, मेघालयातले आणि केरळमधले अभ्यासक आणि एक मराठी शास्त्रज्ञ असे सगळे एका निबंधात आले, ते कोणीतरी त्या पाण्यापर्यंतची वाट मोजून ठेवली होती म्हणून.

आता आमच्याविषयी. परतल्यावर आम्ही चार मंडळांनी मिळून सह्याद्रीतल्या नैसर्गिक कपारी, नेढी आणि पाण्याची टाकी यांची एकच नोंदवही ठेवायचे ठरवले. सुरुवातीला हे सोपे गेले नाही. आपल्या मंडळाचे नाव पानाच्या डोक्यावर हवे म्हणून एक मंडळ दोन महिन्यांत बाहेर पडले आणि त्यातले निम्मे सभासद नंतर एकेकटे परत आले. आता पानावर फक्त तारीख, मोजणाऱ्यांची नावे आणि मागच्या पानाचा क्रमांक असतो. मोजणीपूर्वी गावात जाऊन पोलीस पाटलांना आणि गुराख्यांना भेटणे सक्तीचे आहे. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला २०२० मध्ये घेतलेल्या नमुन्यांत निपाह विषाणूच्या खुणा आढळल्या होत्या. तेव्हापासून लोक घाबरून कपारींत धूर करतील अशी भीती आम्हाला वाटते, म्हणून वटवाघळांच्या जागा आम्ही नोंदवतो, पण कोणाला सांगत नाही, आणि स्वतःही आत जात नाही. बाहेर आल्यावर दोर आणि बूट धुणे ही कटकट आता सवय झाली आहे.

या सगळ्यात आपण किती वेळ दिलात, याचा हिशेब माझ्याकडे आहे. आम्ही पाठवलेली पहिली पाच पाने आपण लाल शाईने भरून परत पाठवलीत. लेझर यंत्र घेण्याइतके पैसे नाहीत म्हटल्यावर चढ-उताराचा कोन मोजणारा आपला जुना क्लिनोमीटर पोस्टाने आला, सोबत फक्त एक चिठ्ठी: पट्टी ओली झाली तर पुसून ठेवा. रात्री नऊनंतर फोन केला तरी आपण उचललात, आणि शिलाँगमध्ये कडाक्याची थंडी असताना आपण अंगणात उभे राहून बोलत होता, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळले. यासाठी आपण कधी काही मागितले नाही. मागितलेत ते इतकेच, की आमची पहिली पूर्ण आकृती पाहायची आहे.

ती सोबत पाठवते आहे. साताऱ्याजवळच्या एका कपारीची आहे, लांबी एकूण ४१ मीटर, आपल्याला हसू येईल एवढीच. सातव्या खुणेपाशी चढाचा कोन लिहायचा राहिला आहे. अंदाजाने भरायचा मोह झाला होता, पण जागा रिकामी ठेवली. तिथे आता पाणी आहे. पाऊस सरला की दिवाळीनंतर नाशिकच्या मंडळातली मुले तिकडे जाणार आहेत, ती त्या खुणेपासून पुढे मोजतील.

खुबलेई शिबून, म्हणजे खूप खूप आभार, बाह. घरच्या सर्वांना, आणि श्नोंगरिमच्या ज्या आजींनी मला रोज गरम भात वाढला त्यांना, माझा नमस्कार सांगावा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपल्या मोजणी-तुकडीतली वही सांभाळणारी,
पुणे