घणसोलीच्या मैदानाविषयी आई-बाबांना पत्र

घणसोली, नवी मुंबई

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्हा दोघांचे म्हणणे ऐकून घेतले, परंतु उत्तर नीट देता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. शाळा सुटल्यावर नातीला मैदानात थांबू देऊ नये असे आईचे मत आहे. आणि घणसोलीत क्रीडासंकुल करायचेच तर सरकारने एकदाच भरपूर पैसा घालून मोठे स्टेडियम बांधावे, असे बाबांचे. आमच्या पालकसभेतही सुरक्षा आणि मैदान हे दोन विषय एकत्रच निघाले, कारण शाळेने सुरक्षेसाठी वेगळे शुल्क मागितले आहे आणि सुरक्षेचेच कारण देऊन शाळा सुटताच मैदानाला कुलूप लावायचे ठरवले आहे.

आई, तुझी भीती मला कळते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर जो लैंगिक अत्याचार झाला, तो ठाणे जिल्ह्यातले कोणतेही घर विसरलेले नाही. पण त्या प्रकरणातला आरोपी भिंत ओलांडून आत शिरलेला नव्हता. तो त्याच शाळेत सफाईच्या कामावर होता. तक्रार नोंदवण्यासाठी पालकांना तासन्‌तास ताटकळावे लागले, आणि २० ऑगस्टला लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले तेव्हा कुठे विशेष तपास पथक नेमले गेले. त्यानंतर शासनाने शाळांना कॅमेरे, कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमायची सखी सावित्री समिती या गोष्टींची सक्ती केली. यांपैकी कॅमेऱ्यांवर खर्च करायला संस्था लगेच तयार होतात, कारण कॅमेरा भिंतीवर दिसतो. मला जे विचारायचे आहे ते वेगळेच आहे: कंत्राटदाराने पाठवलेल्या माणसाची पडताळणी प्रत्यक्ष कोणी तपासली, लहान मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ बाईच नेमली आहे का, मुलीने काही सांगितले तर ते सर्वांत आधी ऐकून घेणारी व्यक्ती कोण, आणि मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे हे तिला ठाऊक आहे का. मैदानाला कुलूप लावल्याने यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

पैसे द्यायला माझी ना नाही. मात्र २०११ च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे ही वाढ पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यायला हवी, आणि त्यातली मोठी रक्कम माणसांच्या पगाराकडे जायला हवी, एवढेच आम्ही लिहून दिले आहे.

बाबा, आता तुमच्या मुद्द्याकडे येते. घणसोलीतली २० एकर जागा २००३ पासून शासकीय क्रीडासंकुलासाठी राखीव होती. २०१६ मध्ये सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, तिचा काही भाग खाजगी विकासकाला दिला, आणि २०२१ मध्ये शासनाने संकुलच रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातल्या नाणोरे गावी हलवले, म्हणजे इथून सुमारे ११५ किलोमीटरवर. वास्तुविशारदांच्या संस्थेने याचिका केली, २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. एवढ्या झगड्यानंतर वाचलेली जागा स्टेडियमच्या प्रेक्षागारांखाली जावी, हे मला पटत नाही.

तुम्ही नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमचे उदाहरण दिलेत. २ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला तो तिथेच, आणि त्या रात्रीचा आनंद माझ्याही मनात आहे. परंतु ते स्टेडियम खाजगी संस्थेने आपल्या विद्यापीठाच्या आवारात उभारलेले आहे. जानेवारी २०२५ मध्ये तिथे कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तसे कार्यक्रम घेणे हा मालकाचा अधिकार आहे. महापालिकेने किंवा राज्याने तेवढेच मोठे काही बांधले, तर बांधकामाचा खर्च एकदाच होतो, पण दिवे, हिरवळ, पंप, पहारा यांचा खर्च दर वर्षी मालमत्ता कर भरणाऱ्यांच्या माथी बसतो. आणि तो भागवण्यासाठी मग जागा भाड्याने देणे सुरू होते. भाडे न देऊ शकणारी मुले आपोआप फाटकाबाहेर राहतात. विश्वचषकानंतर आमच्या सोसायटीतल्या किती मुलींना बॅट हवी झाली आहे, हे तुम्ही इथे येऊन बघाच; त्यांना हजारो खुर्च्यांची गरज नाही, रोज संध्याकाळी उघडी राहणारी सपाट जमीन हवी आहे.

शिवाय आई, जिथे पाच-पन्नास माणसे रोज चालायला, खेळायला येतात, तिथे मुलगी मला अधिक सुरक्षित वाटते. ओळखीचा चौकीदार आणि येणाजाणाऱ्या बायका हाही पहाराच आहे, आणि तो कुलपापेक्षा स्वस्त पडतो.

आम्ही काही पालक सिडको आणि महापालिकेला निवेदन देणार आहोत. बाबा, खेळाचे शिक्षक म्हणून तुम्ही मैदाने आखण्यात आयुष्य घालवले आहे. धावपट्टी, खो-खो, कबड्डी, मुलींसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची खोली यांना प्रत्यक्षात किती जागा लागते, आणि पावसाळ्यात पाणी निचरून जावे यासाठी मातीखाली काय घालावे लागते, हे मोजमापांसह लिहून पाठवा. सभा महिनाअखेरीस आहे, त्याआधी पत्र हाती आले तर ते निवेदनाला जोडता येईल. आईच्या गुडघ्यांसाठी सांगितलेले औषध चालू आहे ना, तेही कळवा.

तुमची लेक